द्रायुदाब व त्याचे मापन

द्रव आणि वायू या दोहोंना मिळून द्रायू अशी संज्ञा आहे. द्रायू आपल्या संपर्कातील पृष्ठभागाच्या एकक क्षेत्रफळावर लंब दिशेने जी प्रेरणा लावतो, तीस द्रायूचा दाब म्हणतात. स्थिर द्रायूतील कोणत्याही एका बिंदूपाशी दाबाचे मूल्य सर्व दिशांना सारखेच असते. त्यामुळे प्रेरणा ही सदिश राशी असली, तरी दाब ही अदिश राशी ठरते. बाष्पित्रातील वाफ, नळातील पाणी, वातावरणातील हवा, रोहिणीतील रक्त आणि निर्वात पात्रात उरलेले विरळ वायू या सर्वांच्या बाबतीत दाबाची व्याख्या एकच आहे; मापनाच्या रीती मात्र अनेक आहेत.

या रीती समजून घेताना एक गोष्ट प्रथम ध्यानात घ्यावी लागते. दाबाचे मापन म्हणजे बहुतेक वेळा दोन दाबांची तुलना होय. मापकाच्या पटलाच्या एका बाजूस मोजावयाचा दाब असतो, तर दुसऱ्या बाजूस संदर्भासाठी घेतलेला दाब असतो. मापक या दोहोंतील फरक दाखवितो. म्हणून दाबाच्या कोणत्याही आकड्यासोबत तीन प्रश्नांची उत्तरे असणे आवश्यक असते : तो कोणत्या शून्यापासून मोजला आहे, मापक कोणत्या पातळीवर बसविला आहे आणि द्रायू गतिमान असल्यास त्याच्या दाबाचा कोणता घटक मोजला आहे. ही उत्तरे नसतील, तर आकडा अचूक असूनही त्याचा अर्थ चुकीचा लावला जातो. यंत्रशाळेतील आणि विमानवाहतुकीतील काही गंभीर अपघातांचे मूळ या गोंधळात सापडते.

इतिहास : चूषण पंपाने पाणी सुमारे १० मी. पेक्षा अधिक उंच चढत नाही, हे सतराव्या शतकातील इटालियन कारागिरांना अनुभवाने माहीत होते. पाणी नळीत ओढले जात नसून बाहेरील हवेच्या दाबामुळे वर ढकलले जाते, हा उलगडा एव्हांजेलिस्ता टॉरिचेल्ली यांनी केला. १६४३-४४ च्या सुमारास पाण्याऐवजी पारा वापरून केलेल्या प्रयोगात नळीतील पारा सुमारे ७६ सेंमी. उंचीवर स्थिर राहिला व त्याच्यावर निर्वात पोकळी निर्माण झाली. ब्लेझ पास्काल यांच्या सूचनेवरून त्यांचे मेहुणे फ्लॉरँ पेर्ये यांनी १९ सप्टेंबर १६४८ रोजी फ्रान्समधील प्वी द दोम या पर्वतावर हाच प्रयोग केला. पायथ्याच्या मानाने शिखरावर पाऱ्याची उंची सुमारे ८ सेंमी. ने कमी भरली. हवेला वजन आहे आणि उंचीनुसार तिचा दाब घटतो, हे त्यावरून सिद्ध झाले. वाहत्या पाण्याचा वेग दाबाच्या साहाय्याने मोजण्याची नळी आंरी पीतो यांनी १७३२ मध्ये पुढे आणली, तर दाब व वेग यांतील संबंध डॅन्येल बेर्नुली यांनी १७३८ मधील आपल्या ग्रंथात मांडला. एकोणिसाव्या शतकात वाफेच्या एंजिनांचा प्रसार झाल्यावर उच्च दाब सुलभपणे मोजणाऱ्या धातूच्या मापकांची निकड भासू लागली. ल्यूस्याँ व्हीदी यांचा निर्द्रव वायुदाबमापक (१८४४) आणि युजीन बूर्दाँ यांचा वक्रनळी मापक (१८४९) ही या काळाची देणगी होय.

एकके : आंतरराष्ट्रीय एकक पद्धतीत एक चौ. मी. क्षेत्रफळावर एक न्यूटन प्रेरणा असता होणाऱ्या दाबास एक पास्काल म्हणतात. वजने व मापे यांच्या चौदाव्या सर्वसाधारण परिषदेने १९७१ मध्ये हे नाव स्वीकारले. हे एकक लहान असल्याने व्यवहारात किलोपास्काल, मेगापास्काल व हेक्टोपास्काल वापरतात. हवामानशास्त्रातील एक मिलिबार म्हणजेच एक हेक्टोपास्काल होय. एक बार म्हणजे १,००,००० पास्काल, तर प्रमाण वातावरणीय दाब १,०१,३२५ पास्काल इतका मानला आहे. पाऱ्याच्या एक मिमी. स्तंभाचा दाब १३३·३२ पास्काल भरतो. कारखान्यांत दर चौ. सेंमी. ला एक किग्रॅ. भार हे एकक अद्याप आढळते व त्यास बोलीत ‘एक किलो दाब’ म्हणतात. त्याचे मूल्य ९८,०६६·५ पास्काल, म्हणजे एक बारपेक्षा किंचित कमी आहे. वाहनांच्या चाकांतील हवेसाठी दर चौ. इंचास पौंड हे एकक रूढ असून एक बार म्हणजे असे सुमारे १४·५ पौंड होत.

संदर्भ शून्य : परिपूर्ण निर्वातास शून्य मानून मोजलेल्या दाबास निरपेक्ष दाब म्हणतात. सभोवतालच्या वातावरणीय दाबास शून्य मानून मोजलेला दाब व्यवहारात गेज दाब या नावाने ओळखला जातो. वातावरणीय दाबापेक्षा दाब जितका कमी असेल, तितकी तूट मोजल्यास तो आकडा निर्वाताचा होतो. दोन ठिकाणच्या दाबांतील फरक सरळ मोजल्यास त्यास भेददाब म्हणतात. यांपैकी निरपेक्ष दाबाचे शून्य सर्वत्र व सर्वकाळ एकच असते. गेज दाबाचे शून्य मात्र स्थळ, हवामान व उंची यांनुसार बदलते. वायूंचे नियम, बाष्पदाब व उकळबिंदू यांच्या गणितात निरपेक्ष दाबच घ्यावा लागतो. नळाची किंवा टाकीची भिंत फुटेल किंवा नाही, हे मात्र आतील व बाहेरील दाबांच्या फरकावर अवलंबून असल्याने तेथे गेज दाब उपयोगी पडतो.

साखर कारखान्यातील निर्वात कढईचे उदाहरण या दृष्टीने बोधप्रद आहे. उसाचा रस कमी तापमानास उकळावा व साखर करपू नये, म्हणून कढईत निर्वात राखतात आणि मापकावर तो पाऱ्याच्या मिमी. मध्ये वाचतात. समुद्रकाठी वातावरणीय दाब ७६० मिमी. असता मापकाने ६५० मिमी. निर्वात दाखविला, तर कढईतील निरपेक्ष दाब ११० मिमी. असतो व त्या दाबास शुद्ध पाणी सुमारे ५३° ते ५४° से. ला उकळते. समुद्रसपाटीपासून सुमारे ५७० मी. उंचीवरील कोल्हापूर येथे वातावरणीय दाब साधारणतः ७१० मिमी. असतो. तेथे त्याच ६५० मिमी. निर्वाताचा अर्थ केवळ ६० मिमी. निरपेक्ष दाब असा होतो व पाण्याचा उकळबिंदू सुमारे ४२° से. पर्यंत उतरतो. साखरेच्या पाकाचा उकळबिंदू पाण्यापेक्षा अधिक असला, तरी दोन ठिकाणांतील हा फरक कायम राहतो. म्हणजे काटा एकाच खुणेवर असूनही आतील स्थिती भिन्न असते. किनाऱ्यावरील कारखान्यासाठी लिहिलेला निर्वाताचा आकडा पठारावरील कारखान्यात जसाच्या तसा राखण्याचा प्रयत्न केल्यास निर्वात पंपावर निष्कारण भार पडतो.

स्वयंपाकघरातील दाबपात्र, म्हणजे कुकर, हाच नियम उलट बाजूने दाखवितो. कुकरच्या शिट्टीचे वजन व तिच्या खालील छिद्राचे क्षेत्रफळ यांवरून आतील गेज दाब ठरतो. तो बहुधा दर चौ. सेंमी. ला एक किग्रॅ. च्या आसपास असतो. मुंबईत त्यात वातावरणीय दाब मिळविल्यास निरपेक्ष दाब सुमारे २ बार होतो व आतील पाणी १२०° से. ला उकळते. सुमारे ३,५०० मी. उंचीवरील लेह येथे वातावरणीय दाब साधारणतः ०·६६ बार असल्याने त्याच शिट्टीखालील निरपेक्ष दाब सुमारे १·६४ बार भरतो व तापमान ११४° से. च्या जवळपास राहते. उघड्या भांड्यात मात्र तेथे पाणी सुमारे ८८° से. ला उकळते. म्हणून उंच प्रदेशात कुकर अधिक निकडीचा ठरतो आणि त्यातही डाळ शिजण्यास अधिक वेळ लागतो. याच कारणाने चूषण पंपाची सैद्धांतिक मर्यादा समुद्रसपाटीस १०·३ मी. असली, तरी लेह येथे ती सुमारे ६·७ मी. इतकीच राहते.

मापकाची पातळी : स्थिर द्रायूत खोलीनुसार दाब वाढतो. द्रायूची घनता घ, गुरुत्वीय प्रवेग गु व खोली ख असल्यास दाबातील वाढ घ × गु × ख इतकी असते. पाण्यात दर मीटर खोलीस ही वाढ सुमारे ९·८ किलोपास्काल, म्हणजे जवळजवळ एक दशांश बार इतकी होते. ती पात्राच्या आकारावर किंवा त्यातील एकूण पाण्यावर अवलंबून नसते. नळाला जोडलेला मापक नळापासून ५ मी. खाली, वाचण्यास सोयीच्या जागी बसविला व जोडनळी पाण्याने भरलेली असली, तर मापक सुमारे अर्धा बार अधिक दाखवितो. मापकात दोष नसतो. तो आपल्या पातळीवरील दाब बिनचूक दाखवीत असतो. जोडनळीत अर्धे पाणी व अर्धी हवा राहिल्यास ही दुरुस्तीही अनिश्चित होते. म्हणून द्रवाच्या जोडनळीतून हवा व वायूच्या जोडनळीतून साचलेला द्रव काढून टाकणे ही वाचनापूर्वीची पहिली दक्षता होय.

रक्तदाबाच्या मापनातही पातळीचे महत्त्व असते. स्टीव्हन हेल्स यांनी १७३३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात घोडीच्या रोहिणीस काचेची उभी नळी जोडली असता रक्त सुमारे २·५ मी. उंच चढले होते. दंडाभोवती फुगविण्याची पट्टी स्कीप्योने रिव्हा-रॉत्ची यांनी १८९६ मध्ये वापरात आणली व रोहिणीतील ध्वनी ऐकून दोन दाब ओळखण्याची रीत न्यिकलाय कराट्कॉव्ह यांनी १९०५ मध्ये सांगितली. १२०/८० हे आकडे पाऱ्याच्या मिमी. मधील गेज दाबाचे असतात. निरपेक्ष दाब त्याहून सुमारे ७६० मिमी. अधिक असतो. दंड हृदयाच्या पातळीपेक्षा १० सेंमी. खाली असल्यास वाचन सुमारे ८ मिमी. ने अधिक येते आणि तितकाच वर असल्यास तितकेच कमी येते. एवढ्या फरकाने निरोगी व्यक्ती रुग्णांत किंवा रुग्ण निरोगी व्यक्तींत गणला जाण्याचा संभव असल्याने हात हृदयाच्या पातळीवर टेकवून ठेवण्याचा दंडक आहे.

द्रवस्तंभ मापक : ज्ञात घनतेच्या द्रवाचा स्तंभ दाबाशी तोलून धरणे ही मापनाची सर्वांत जुनी व मूलगामी रीत आहे. यू आकाराच्या नळीचे एक टोक दाबाच्या जागेस जोडून दुसरे उघडे ठेवल्यास दोन भुजांतील पातळ्यांचा फरक गेज दाब दाखवितो. दुसरे टोक बंद करून त्यात निर्वात राखल्यास निरपेक्ष दाब मिळतो. पाऱ्याचा वायुदाबमापक हा त्याचाच प्रकार होय. दोन्ही टोके दोन ठिकाणी जोडल्यास भेददाब कळतो. अत्यल्प दाबांसाठी नळी तिरपी ठेवतात. दर दहा भाग लांबीस एक भाग चढ ठेवल्यास १ मिमी. उभा फरक नळीवर १० मिमी. लांब दिसतो व वाचन सुकर होते.

साधन सोपे असले, तरी त्याच्या वाचनात काही दुरुस्त्या कराव्या लागतात. पाण्याच्या नळातील भेददाब पाऱ्याच्या यू-नळीने मोजताना पाऱ्यावर दोन्ही भुजांत पाणी असते. त्यामुळे पाऱ्यातील १ सेंमी. फरक पाण्याच्या १३·६ सेंमी. शी नव्हे, तर १२·६ सेंमी. शी तुल्य असतो. तापमान वाढल्यास पाऱ्याची घनता घटते. पितळी पट्टी असलेल्या वायुदाबमापकाचे ३०° से. ला ७६० मिमी. असलेले वाचन ०° से. वर आणताना सुमारे ३·७ मिमी. वजा करावे लागतात. अरुंद नळीत पृष्ठताणामुळे पाऱ्याची पातळी किंचित खाली राहते. म्हणून अचूक कामासाठी रुंद नळी घेतात. स्थानिक गुरुत्वीय प्रवेगाचीही दुरुस्ती करावी लागते. पारा विषारी असल्याने मिनामाता करार २०१३ मध्ये स्वीकारण्यात आला व तो २०१७ मध्ये अंमलात आला. त्यानुसार काही अपवाद वगळता पाऱ्याच्या वायुदाबमापकांचे व रक्तदाबमापकांचे उत्पादन बंद करण्यासाठी २०२० ही मर्यादा ठरविण्यात आली. पाऱ्याचा मिमी. हे एकक मात्र वैद्यकात टिकून आहे.

स्थितिस्थापक मापक : बूर्दाँ मापकात लंबवर्तुळी छेदाची, चापाप्रमाणे वळविलेली धातूची नळी असते. तिचे एक टोक स्थिर व दाबाच्या जागेस जोडलेले आणि दुसरे बंद व मोकळे असते. आत दाब वाढला की नळीचा छेद वर्तुळाकार होऊ पाहतो आणि नळी किंचित सरळ होते. मोकळ्या टोकाची ही अल्प हालचाल दातेरी खंड व चक्र यांच्या योगे वाढवून काटा फिरवितात. नळीबाहेर, म्हणजे मापकाच्या पेटीत, वातावरणीय दाब असल्याने हा मापक स्वभावतःच गेज दाब दाखवितो. याउलट व्हीदी यांच्या निर्द्रव वायुदाबमापकातील लाटदार पत्र्याची डबी निर्वात करून बंद केलेली असते. तिच्या आत निर्वात असल्याने तिचे वाचन निरपेक्ष दाबाचे असते. या दोन साधनांतील खरा भेद आकारापेक्षा संदर्भाच्या निवडीत आहे.

बूर्दाँ मापकाची अचूकता बहुधा पूर्ण मापनमर्यादेच्या शेकडेवारीत सांगतात. १० बार मर्यादेच्या व एक टक्का अचूकतेच्या मापकात ०·१ बार इतकी चूक संभवते. वाचन १ बार असल्यास हीच चूक दहा टक्के होते. म्हणून नेहमीचा दाब मापनमर्यादेच्या मधल्या भागात येईल, असा मापक निवडतात. वाफेसाठी मापक जोडताना मध्ये वेटोळी नळी ठेवतात. तिच्यात साचलेले पाणी तप्त वाफेस मापकापर्यंत पोहोचू देत नाही. ऑक्सिजनसाठी वापरावयाच्या मापकात तेलाचा अंशही नसावा लागतो, कारण दाबाखालील ऑक्सिजनमध्ये तेल पेट घेऊ शकते. दाब नसताना काटा शून्यावर येत नसेल, तर नळी कायमची वाकली असण्याचा संभव असतो व असा मापक तपासणीविना वापरू नये.

विद्युत् संवेदक : पातळ पटल दाबाने वाकते व त्याच्या वाकण्याचे विद्युत् संकेतात रूपांतर करता येते. पटलावर बसविलेल्या तारेचा किंवा सिलिकॉनमध्ये घडविलेल्या रोधकांचा रोध बदलतो. काही प्रकारांत पटल व स्थिर पट्टी यांतील विद्युत् धारणा बदलते. सिलिकॉनचे संवेदक इतके लहान करता आले आहेत की, ते भ्रमणध्वनीतही बसतात. पटलामागील पोकळीत निर्वात ठेवल्यास संवेदक निरपेक्ष दाब, ती हवेस मोकळी ठेवल्यास गेज दाब व दुसऱ्या नळीस जोडल्यास भेददाब दाखवितो. विहिरीतील पाण्याची पातळी मोजणाऱ्या संवेदकात हवेचा संबंध राखण्यासाठी केबलमधून बारीक नळी वरपर्यंत आणतात. ती दमटपणाने बुजल्यास वातावरणीय दाबातील चढउतार पाण्याच्या पातळीतील चढउतार भासू लागतात. १० हेक्टोपास्काल फरक म्हणजे सुमारे १० सेंमी. पाणी होय. एंजिनाच्या सिलिंडरातील शीघ्र बदलणारा दाब क्वॉर्ट्‌झ स्फटिकाच्या दाबविद्युत् संवेदकाने टिपतात. त्यावरील विद्युत् भार हळूहळू गळून जात असल्याने दीर्घकाळ स्थिर राहणाऱ्या दाबासाठी मात्र तो निरुपयोगी ठरतो.

गतिमान द्रायूतील दाब : द्रायू वाहत असल्यास दाबाचे तीन प्रकार वेगळे ओळखावे लागतात. प्रवाहाबरोबर त्याच वेगाने जाणाऱ्या मापकास जो दाब जाणवेल, तो स्थितिक दाब होय. प्रवाह एखाद्या अडथळ्यापाशी ऊर्जेचा ऱ्हास न होता पूर्णपणे थांबल्यास तेथे वाढलेला दाब हा एकूण दाब होय. या दोहोंतील फरकास गतिकीय दाब म्हणतात. घनतेत लक्षणीय बदल होत नसल्यास गतिकीय दाब हा घनता व वेगाचा वर्ग यांच्या गुणाकाराच्या निम्मा असतो. पाण्याचा वेग दर सेकंदास २ मी. असल्यास तो २ किलोपास्काल, म्हणजे पाण्याच्या सुमारे २० सेंमी. स्तंभाइतका येतो.

स्थितिक दाब मोजण्यासाठी नळाच्या भिंतीस काटकोनात बारीक छिद्र पाडतात. छिद्राची कड आतून सपाट व स्वच्छ असावी लागते. कडेवर धातूचा काटा राहिल्यास तेथे प्रवाह विचलित होऊन वाचन चुकते. एकूण दाबासाठी प्रवाहाच्या समोर तोंड करून ठेवलेली उघडी नळी, म्हणजे पिटो नळी, वापरतात. भिंतीतील छिद्र आणि पिटो नळी ही एकाच बिंदूजवळ असली, तरी त्यांची वाचने भिन्न असतात. त्यांपैकी कोणतेही चूक नसते. दोन्ही एकाच मापकाच्या दोन बाजूंस जोडल्यास गतिकीय दाब व त्यावरून वेग मिळतो. हा फरक स्वतंत्र मापकांनी काढणे श्रेयस्कर नसते. समुद्रसपाटीजवळ दर सेकंदास ६० मी. वेगाच्या हवेचा गतिकीय दाब सुमारे २·२ किलोपास्काल, म्हणजे वातावरणीय दाबाच्या जेमतेम दोन टक्के असतो. एक टक्का चूक असलेल्या दोन निरपेक्ष मापकांच्या वजाबाकीत तो पूर्णपणे हरवून जाईल. शिवाय दाब वेगाच्या वर्गावर अवलंबून असल्याने वेग एक दशांश झाल्यास भेददाब एक शतांश होतो. म्हणून मंद प्रवाहासाठी ही रीत अनुकूल नसते.

विमानातील दाबमापन : विमानाचा उंचीमापक हा वस्तुतः निरपेक्ष स्थितिक दाब मोजणारा निर्द्रव वायुदाबमापक असतो. समुद्रसपाटीजवळ १ हेक्टोपास्काल फरक सुमारे ८ मी. उंचीशी तुल्य असतो. म्हणून उतरण्यापूर्वी वैमानिकास विमानतळाकडून स्थानिक दाबाचा आकडा घेऊन मापक जुळवावा लागतो. त्यात १० हेक्टोपास्काल चूक झाल्यास उंची सुमारे ८० मी. ने चुकते. वेगमापक पिटो नळी व विमानाच्या बाजूवरील स्थितिक छिद्रे यांतील भेददाब दाखवितो. या दोन मार्गांपैकी कोणता बंद पडला आहे, त्यावरून चुकीचे स्वरूप ठरते.

पिटो मार्ग पूर्णपणे बुजल्यास त्यात जुना दाब कोंडला जातो. विमान वर चढत असता स्थितिक दाब घटतो व भेददाब वाढत असल्याचा भास होतो. परिणामी वेग वाढला नसतानाही वेगमापकाचा काटा वाढत जातो. ६ फेब्रुवारी १९९६ रोजी डॉमिनिकन प्रजासत्ताकातील प्वेर्तो प्लाता येथून निघालेल्या बोइंग ७५७ विमानात मुख्य वैमानिकाच्या बाजूची पिटो नळी बुजलेली होती. कीटकाचे घरटे हे त्याचे संभाव्य कारण मानले गेले. मापक अतिवेग दाखवीत असता प्रत्यक्षात वेग घटत गेला, विमान आधार गमावून समुद्रात कोसळले व १८९ जण मृत्युमुखी पडले. त्याच वर्षी २ ऑक्टोबर रोजी पेरूमधील लीमा येथून निघालेल्या दुसऱ्या बोइंग ७५७ विमानाची स्थितिक छिद्रे, धुलाईच्या वेळी लावलेली चिकटपट्टी काढावयाची राहिल्याने, झाकलेली होती. त्यामुळे उंची व वेग ही दोन्ही वाचने निरर्थक झाली. रात्रीच्या अंधारात समुद्रावर उंचीचा अंदाज न येऊन विमान पाण्यावर आदळले व त्यातील ७० जणांचा अंत झाला. १ जून २००९ रोजी अटलांटिक महासागरावर एअरबस ए ३३० विमानाच्या पिटो नळ्या हिमस्फटिकांनी काही काळ बुजल्या व वेगाची वाचने परस्परविसंगत झाली. स्वयंचलित नियंत्रण सुटल्यानंतर विमान आधार गमावून कोसळले. त्यात २२८ जण दगावले. या तिन्ही अपघातांना वैमानिकांच्या प्रतिसादासारखी अन्य कारणेही होती. तथापि मापक कोणत्या दोन दाबांची तुलना करीत आहे, हे ओळखणे किती निकडीचे असते, ते यांवरून स्पष्ट होते.

अतिनीच दाब : निर्वात जसजसे वाढते, तसतशी पटलावरील प्रेरणा मोजता न येण्याइतकी क्षीण होते व अप्रत्यक्ष रीती वापराव्या लागतात. हर्बर्ट मॅक्लाउड यांच्या मापकात (१८७४) विरळ वायूचे ज्ञात आकारमान पाऱ्याने दाबून फार लहान करतात आणि वाढलेल्या दाबावरून बॉइल नियमाने मूळ दाब काढतात. दाबल्यावर द्रवरूप होणाऱ्या बाष्पांना हा नियम लागू पडत नसल्याने ती मापकास दिसत नाहीत. मार्चेल्लो पिरानी यांच्या मापकात (१९०६) तापलेल्या तारेतून वायूकडे जाणाऱ्या उष्णतेवरून दाब ठरवितात. आयनीकरण मापकात इलेक्ट्रॉनांच्या आघाताने निर्माण झालेल्या आयनांचा प्रवाह मोजतात. १९५० मध्ये बेयर्ड व ॲल्पर्ट यांनी केलेल्या सुधारणेमुळे एक पास्कालाच्या कोट्यंशाहूनही कमी दाब या रीतीने मोजता येऊ लागले. पिरानी व आयनीकरण मापक यांचे वाचन वायूच्या जातीवर अवलंबून असते. नायट्रोजनासाठी अंशन केलेला मापक हीलियमाच्या बाबतीत चुकीचा आकडा देतो. त्यामुळे येथे चौथा प्रश्नही विचारावा लागतो : मापन कोणत्या वायूचे आहे?

प्रमाणन : मापकांची तपासणी दट्ट्यायुक्त भारतुलेने करतात. अचूक घडविलेल्या उभ्या सिलिंडरातील दट्ट्यावर ज्ञात वजने ठेवून त्याखालील तेलाचा किंवा वायूचा दाब त्यांस तोलून धरतो. दट्ट्याचे क्षेत्रफळ १ चौ. सेंमी. व एकूण वस्तुमान १० किग्रॅ. असल्यास दाब सुमारे ९·८ बार होतो. घर्षण टाळण्यासाठी दट्ट्या वाचनाच्या वेळी सावकाश फिरता ठेवतात. वजनांवर बाहेरून हवेचा दाब असल्याने मिळणारा आकडा गेज दाबाचा असतो. निरपेक्ष दाब हवा असल्यास वजनांभोवती काचेची घंटा बसवून निर्वात करावे लागते. भारतात दाबाची राष्ट्रीय प्रमाणे नवी दिल्ली येथील राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेत जतन केली आहेत. उद्योगांतील मापकांचे अंशन टप्प्याटप्प्याने त्यांच्याशी जोडता येते. अलीकडे काही देशांतील प्रयोगशाळांत लेसर किरणाच्या साहाय्याने वायूचा प्रणमनांक मोजून त्यावरून त्याची घनता व दाब काढण्याच्या रीती विकसित झाल्या आहेत. या रीतीत पारा किंवा दट्ट्या यांची आवश्यकता राहत नाही.

दाबाचा आकडा नोंदविताना एककासोबत ‘निरपेक्ष’, ‘गेज’, ‘निर्वात’ किंवा ‘भेद’ यांपैकी योग्य तो शब्द, मापकाची पातळी आणि गतिमान द्रायूच्या बाबतीत स्थितिक किंवा एकूण दाबाचा निर्देश करणे, ही मापनशास्त्रातील सर्वमान्य शिस्त आहे. निर्वात व गेज दाबाच्या नोंदीसोबत त्या वेळचा वातावरणीय दाबही लिहिल्यास एका ठिकाणची नोंद दुसऱ्या ठिकाणी व नंतरच्या काळातही उपयोगात आणता येते.